भावी गुरुजींच्या हातात तुटकी पट्टी

बांधावरचा_मास्तर
सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका अध्यापक विद्यालयात गणित शिकवतो. डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. बारावी झालेली पोरं-पोरी येतात आणि दोन वर्षांनी गुरुजी-बाई होऊन बाहेर पडतात. भूमिती आणि मापन हा भाग माझ्याकडं आहे. यंदा पहिल्याच तासाला एक उद्योग केला. त्याची हकीगत सांगतो, मग सल्ला मागतो. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

प्लास्टिकच्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्ट्या आणल्या आणि प्रत्येकीची सुरुवातीची तीन सेंटिमीटर कापून टाकली. म्हणजे पट्टी ३ पासून सुरू. सगळ्यांना सारख्याच लांबीच्या पेन्सिली दिल्या आणि म्हणलं, लांबी लिहा. पट्टीच्या कापल्या कडेला पेन्सिल लावली की टोक १४ वर येत होतं. निम्म्याहून जास्त जणांनी १४ लिहिलं. काहींनी ३ पासून १४ पर्यंतच्या रेघा बोटानं मोजून १२ लिहिलं. ११ लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माझी पट्टी खराब हाय, दुसरी द्या की."

हसू नका. ही पोरं काही ढ नाहीत. यातल्या कित्येकांना दहावीला गणितात चांगले मार्क होते, पायथागोरसचा सिद्धांत झोपेत म्हणतील. पण शाळेत त्यांना कायम एवढंच सांगितलं गेलं की पट्टीचा शून्य टोकाला ठेवा आणि दुसरीकडचा आकडा वाचा. आपण नेमकं मोजतोय काय, हे कुणी सांगितलंच नाही. रेघा मोजायच्या नसतात, दोन रेघांच्या मधली जागा मोजायची असते. पेन्सिलीखाली असे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे किती बसले, एवढाच प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी विचारलं, एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस फूट? सगळ्या वर्गाचं एकमतानं उत्तर, ३.२८, कारण एका मीटरचे फूट तेवढे. म्हणलं चला व्हरांड्यात. फरशीवर खडूनं एक मीटर बाजूचा चौरस काढला. पुठ्ठ्याचे एक फुटाचे चौरस कापून आणले होते, ते मांडायला लावले. तीन ओळींत तीन-तीन, नऊ पूर्ण बसले. ३.२८ म्हणणारी पोरगी नववा पुठ्ठा हातात घेऊन नुसती उभी. मग दोन बाजूंना उरलेल्या पट्ट्या: तीन फूट लांब, ०.२८ फूट रुंद, अशा दोन. त्यांचे झाले १.६८. आणि कोपऱ्यात उरलेला चिमुकला चौरस, ०.०८ च्या आसपास. एकूण १०.७६. त्या कोपऱ्यातल्या तुकड्याला पोरांनी "शेंडी" नाव ठेवलं. आता वर्गात कुणी चौरस एककं बदलताना चुकला की बाकीचे ओरडतात, "शेंडी राहिली!"

आता मुद्दा. ही पोरं उद्या तिसरी-चौथीच्या वर्गावर उभी राहणार. माझ्याकडं तास मोजके, त्यात सराव पाठ, पाठांची टाचणं, आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवायचा सराव). सूत्रं, रचना, प्रमेयं सगळं घेत बसलो तर मोजायला वेळ उरत नाही, आणि मोजत बसलो तर अभ्यासक्रम उरतो. तुम्ही काय घ्याल, काय सोडाल? विशेषतः आपल्या मराठवाड्यातल्या, खेड्यातल्या शाळांत शिकवणाऱ्यांनी सांगा.

---

खडूफळा
सोमवार, रात्री १०:१५

सर, दंडवत घ्या. मी परंड्याकडं जिल्हा परिषद शाळेवर आहे, चौथी माझ्याकडं. पट्टीचा प्रयोग उद्याच करते. (माझंही उत्तर १४ आलं असतं का, हा विचार करून जरा घाम फुटला.)

माझा अनुभव आकारांचा. पुठ्ठ्याचा चौरस फळ्यावर सरळ धरला, हे काय? "चौरस!" तोच पुठ्ठा पोरांसमोरच तिरका फिरवला, आता काय? "शंकरपाळी!" म्हणलं अरे, तोच आहे की, तुमच्यादेखत फिरवला. एक जण म्हणाला, "पण बाई, आता तो शंकरपाळी झाला ना." पोराच्या लेखी चौरस हे बसायच्या पद्धतीचं नाव आहे. चार बाजू सारख्या, चार कोन काटकोन, हे गुण त्याला दिसतच नाहीत, दिसतो तो चेहरा.

याच्यावर व्हॅन हिले म्हणून डच नवरा-बायकोचं काम आहे, १९५७ चं, दोघंही शाळेत शिकवायचे. त्यांचं म्हणणं, पोरं आधी आकार चेहऱ्यावरून ओळखतात, मग त्याचे गुण सांगायला लागतात, मग त्या गुणांचा एकमेकांशी संबंध लावतात, आणि सिद्धता त्यानंतर. मधली पायरी गाळून वरची शिकवली तर पोरगं पाठ करतं, समजत नाही. शिवाय ही पायरी वयानं आपोआप चढत नाही, तसं काम हाताखालून जावं लागतं. म्हणूनच वीस वर्षांचा माणूसही चौरसाला आयत म्हणायला कचरतो. तुमच्या वर्गात विचारून बघा, "चौरस हा आयत असतो का?" भांडणं लागतील.

---

टीईटी_पुन्हा_एकदा
सोमवार, रात्री ११:०२

वाचून बरं वाटलं, पण सर, जमिनीवर या. मी तीन वर्षांपूर्वी डी.एल.एड. झालो. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पेपर एकला १५० प्रश्न, १५० मिनिटं, त्यात गणिताचे ३०. प्रश्नाला मिनिट. तिथं शेंडी मांडत बसू का १०.७६ नं गुणू? आमच्या वेळी एक सर होते, त्यांनी सगळ्या सूत्रांचा एकच कागद करून दिला होता. तोच कामाला आला. पुठ्ठे कापायला लावणारे सर चांगले होते, पण त्यांच्या तासाला आम्ही मागं बसून चालू घडामोडी वाचायचो.

पोरं नोकरीसाठी येतात. भरती कधी निघेल ते शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलला ठाऊक. तोवर स्पर्धा परीक्षा, तोवर खासगी शाळेत पाच-सहा हजारांवर राबणं. त्यांना भूमितीचा आनंद कुठून द्यायचा?

---

बांधावरचा_मास्तर
मंगळवार, दुपारी १२:५०

दादा, तुमचं चुकीचं नाही. सूत्रांचा कागद मीही देतो. फक्त एक सांगा, परीक्षेत ३.२८ नं गुणायचं का १०.७६ नं, हे कशावरून आठवणार? कागदावर दोन्ही आकडे असतात. ज्यानं नऊ पुठ्ठे मांडलेत त्याला ३.२८ हे उत्तर दिसताक्षणीच खोटं वाटतं. मिनिटाच्या आत.

बाई, चौरस-आयताचं विचारलं. भांडण लागलं, तासाची घंटा झाली तरी मिटलं नाही. शेवटी एकानं तोडगा काढला, "सर, आमचा मावसभाऊ माणूस हाय, पण सगळी माणसं मावसभाऊ न्हाईत." हे उदाहरण मी आता जन्मभर वापरणार.

---

गोदाकाठची
मंगळवार, दुपारी १:२०

मी शिक्षिका नाही. पैठणकडची, घरची शेती. पण परिमिती आणि क्षेत्रफळ यांच्यातल्या गोंधळानं आमच्या घरात अख्खी दिवाळी नासली होती, ते सांगते.

दोन चुलत भावांची वाटणी. एक म्हणे, "दोघांचा बांध सारखाच भरतो, चारशे मीटर. मग जमीन सारखीच की." आणि घरातल्या शिकलेल्या माणसांनी, त्यात एक गुरुजीही आले, माना डोलावल्या! एकाचा तुकडा जवळपास चौरस, दुसऱ्याचा नदीकडं गेलेला लांबट पट्टा. तुम्हीच करून बघा. १०० बाय १०० चा बांध ४०० मीटर, जमीन एक हेक्टर, म्हणजे शंभर आर. १५० बाय ५० चा बांधही ४०० मीटर, जमीन ७५ आर. आणि १९० बाय १० घेतला तरी बांध तेवढाच, जमीन फक्त १९ आर. तारेचं कुंपण तिन्हीकडं सारखंच लागेल, पीक मात्र पाचपटीनं बदलेल.

दुसरा गोंधळ सातबाऱ्याचा. तिथं १.२० लिहिलेलं असतं, म्हणजे १ हेक्टर २० आर. आमचे तात्या ते एक एकर वीस गुंठे असंच वाचायचे. एक एकर वीस गुंठे म्हणजे ६० गुंठे, दीड एकर. १ हेक्टर २० आर म्हणजे जवळपास ११८.६ गुंठे, तीन एकराला दीड गुंठा कमी. निम्म्याचा फरक! हेक्टर-आरमधला टिंब खरा दशांश आहे, कारण शंभर आरांचा हेक्टर. एकर-गुंठ्यातला टिंब नुसता मधला पडदा, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, तलाठ्याच्या दारात उभं राहून कळलं. सर, तुमच्या पोरांना दशांश अपूर्णांक शिकवताना हा टिंब नक्की दाखवा.

---

तेरणाकाठ
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

ताई, टिंबाचं लई भारी. गुंठ्याचंही एक बरंय, ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. शाळेच्या पटांगणावर चुना टाकून एक गुंठा आखा आणि पोरांना आत उभं करा. "चाळीस असे म्हणजे एकर" म्हणलं की डोळ्यांपुढं एकर उभा राहतो. ४३,५६० हा आकडा पाठ करून काही उभं राहत नाही.

पण एक इशारा. असल्या धाग्यांवर लगेच "आपली जुनी मापं किती थोर" सुरू होतं, ते होऊ देऊ नका. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्य मोजायची मापं माझ्या आजीला तोंडपाठ होती. प्रत्येक पायरीला दुप्पट, शेरापर्यंत, हे शिकवायला सुंदरच. पण पायली ह्या बाजाराची वेगळी आणि त्या बाजाराची वेगळी, मणात पायल्या किती हेही गावोगाव निराळं. घेताना मोठी पायली, देताना लहान, ही सावकाराची भूमिती. १९५६ चा मापांचा कायदा आला आणि मेट्रिक सक्तीचं झालं, ते गरिबाच्या बाजूनंच झालं. पोरांना हीच गोष्ट सांगा: प्रमाणित एकक कशाला लागतं? भांडण मिटवायला.

वर्गात करायचं तर वीत घ्या. एकच बाक पाच जणांनी वितीनं मोजायचा. पाच उत्तरं येतात, मग पोरंच म्हणतात, "एकाचीच वीत धरू." भास्कराचार्यांच्या लीलावतीतही २४ अंगुळं म्हणजे एक हात, चार हात म्हणजे एक दंड, असं कोष्टकच दिलंय. म्हणजे बाराव्या शतकातही प्रश्न हाच होता, हात कुणाचा?

अवांतर: नऊवारीतला वार म्हणजे ३६ इंच. माझ्या बी.एड. झालेल्या मेहुण्याला वाटायचं, नऊ दिवस नेसतात म्हणून नऊवारी. हलकेच घ्या, तो हा धागा वाचतो.

---

पोकलेन
मंगळवार, रात्री १०:३०

मास्तर, मी मातीकामातला माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा, औशाकडं शेततळी खोदतो. तुमच्या पोरांसाठी एक अस्सल गणित देतो.

शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटर. शेतकरी विचारतो, किती माती निघेल? शिकलेलं पोरगं मोबाईल काढतं: ३० × ३० × ३ = २७०० घनमीटर. आम्ही ब्रासमध्ये बोलतो, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. २७०० घनमीटर म्हणजे साधारण ९५३ ब्रास. ठेकेदार लबाड असला तर तेवढ्याचं बिल लावून मोकळा होतो.

पण शेततळ्याच्या भिंती सरळ नसतात, माती ढासळेल ना. उतार एकास एक ठेवतात. तीन मीटर खोल गेलं की प्रत्येक बाजूनं तीन मीटर आत. म्हणजे वर ३० बाय ३०, तळाला २४ बाय २४. खरं घनफळ २१९६ घनमीटर, साधारण ७७५ ब्रास. फरक १७८ ब्रासचा. हे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात, इष्टिकाचिती आणि टोक कापलेल्या सूचीतला फरक न कळल्यामुळं.

(ट्रॉलीत भरल्यावर माती फुगते, तो हिशेब आणखी वेगळा. मी खड्ड्यातलं माप सांगतोय.)

---

टीईटी_पुन्हा_एकदा
मंगळवार, रात्री ११:१०

२१९६ कसे? मी सरासरी घेतली. मधोमध २७ बाय २७ येणार, गुणिले ३, झाले २१८७. वरचं आणि खालचं क्षेत्रफळ मिळवून निम्मं केलं तर (९०० + ५७६) ÷ २ × ३ = २२१४. तुमचं उत्तर दोन्हींत बसत नाही.

---

पोकलेन
बुधवार, सकाळी ८:००

सरकारी तक्त्यात ३० × ३० × ३ ला २१९६ च आहे साहेब. सूत्र असं: वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ आणि दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज, गुणिले खोली, भागिले तीन. ९०० + ५७६ + ७२० = २१९६, गुणिले ३, भागिले ३. का, ते मास्तरांना विचारा. आम्ही वापरतो, सिद्ध करत नाही.

---

बांधावरचा_मास्तर
गुरुवार, रात्री ९:२५

उशीर झाला, माफी. पण कारण ऐका. पोकलेन साहेबांचं गणित काल जसंच्या तसं वर्गात नेलं. तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली: २१८७, २१९६, २२१४. म्हणलं, सूत्र कुणीही सांगायचं नाही. पोळ्याला बैलं करतो ती चिकणमाती मागवली. एका मीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरलं तर गोळा फार मोठा होतो, म्हणून वर १० सेंटिमीटर, तळ ८, उंची १, असं छोटं तळं पुठ्ठ्याच्या साच्यात केलं. तेच प्रमाण, फक्त तिसऱ्या हिश्शाचं. माती साच्यातून काढली आणि शिवायच्या दोऱ्यानं कापायला बसलो.

तळाच्या चौरसाच्या चारही कडांवरून सरळ उभे काप घेतले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नऊ तुकडे झाले. मधला ठोकळा, सरळ उभा. चार बाजूंना चार पाचरी. आणि चार कोपऱ्यांत चार विचित्र तुकडे, ज्यांना काय म्हणावं कुणाला कळेना.

आता खऱ्या मापात बोलू. मधला ठोकळा २४ × २४ × ३ = १७२८. पाचर म्हणजे निम्मी इष्टिकाचिती, २४ × ३ × ३ ÷ २ = १०८, अशा चार, ४३२. इथपर्यंत सगळे पटापट. बेरीज २१६०. राहिले चार कोपरे. प्रत्येकाचं वरचं तोंड ३ बाय ३ चा चौरस, आणि खाली निमुळता होत एका बिंदूत संपतो, तोही नेमका आतल्या कोपऱ्याच्या सरळ खाली. घनफळ किती? एक म्हणाला निम्मं, १३.५. दुसरा म्हणाला पाव, ६.७५.

तेवढ्यात एका पोरीनं तीन कोपरे उचलले आणि एकमेकांना लावायला लागली. मी गप्प बसलो. (मला माहीत होतं काय होणार, पण तिला माहीत नव्हतं, आणि हातातला चहा गार होईपर्यंत तोंड बंद ठेवणं हे माझं त्या तासाचं सगळ्यात अवघड काम होतं.) दोनदा माती चुरगळली. तिसऱ्यांदा तिन्ही टोकं एकाच ठिकाणी आली आणि हातात चक्क घन! तीन कोपऱ्यांचा मिळून एक घन. म्हणजे एक कोपरा घनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, २७ ÷ ३ = ९. चार कोपरे ३६. २१६० + ३६ = २१९६.

वर्गात टाळ्या पडल्या, आणि मी टाळ्या वाजवायला सांगणारा मास्तर नाही.

आता टीईटी दादा, तुमचं २१८७. हा प्रश्न मी त्यांच्यापुढं टाकला, यांचे नऊ घनमीटर कुठं हरवले? थोड्या वेळानं सापडले. २७ बाय २७ ची सरासरी धरली की पाचरी बरोबर येतात, पण प्रत्येक कोपरा १.५ × १.५ × ३ = ६.७५ धरला जातो. "पाव" म्हणणारा पोरगा हेच म्हणत होता! खरा कोपरा ९, कमी पडले सव्वादोन. चार कोपरे, नऊ घनमीटर. आणि २२१४ मध्ये कोपरा १३.५ धरला जातो, म्हणजे चारांत मिळून १८ जास्त. तो "निम्मं" म्हणणारा. दोन्ही चुकीची उत्तरं वर्गात आधीच हजर होती.

---

टीईटी_पुन्हा_एकदा
गुरुवार, रात्री १०:०१

शप्पथ. मी आत्ता भिजवलेली कणीक घेऊन बसलोय. आई विचारायली, काय करायलास.

---

दुसरं_वर्ष
शुक्रवार, दुपारी ४:१५

सगळे सर-मॅडम आहेत म्हणून बोलायला भीती वाटते, पण बोलते. मी छात्राध्यापिका आहे, नांदेड भागातली. सरांच्या कॉलेजची नाही.

आंतरवासितेत पाचवीला कोन मोजणं हा पाठ होता. कोनमापकावर आतली आणि बाहेरची अशा दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढते, एक उजवीकडून. निम्मी मुलं ६० ला १२० लिहीत होती. मी तीनदा समजावलं, "जी बाजू शून्यावर आहे तिकडची ओळ वाचा." उपयोग झाला नाही. निरीक्षक सर मागं बसून लिहीत होते, मला रडायला येत होतं. मग मी कोनमापक खाली ठेवायला लावला आणि म्हणलं, आधी डोळ्यांनी सांगा, हा वहीच्या कोपऱ्यापेक्षा लहान आहे का मोठा? सगळ्यांनी बरोबर सांगितलं. मग म्हणलं, लहान असला तर १२० येईल का? तिथून गाडी रुळावर आली. निरीक्षक सरांनी शेऱ्यात लिहिलं, "शैक्षणिक साहित्याचा वापर मध्येच थांबवला."

दुसरं. घागरीत किती लिटर मावतं, हा प्रश्न आम्हाला कॉलेजात विचारला होता. ज्यांच्या घरी अजून घागरीनं पाणी भरतात त्यांनाही सांगता आलं नाही. पाच लिटरपासून चाळीसपर्यंत उत्तरं. मी घरी जाऊन बाटलीनं मोजून बघितली, आमची घागर १४ लिटरची निघाली. दहा वर्षं डोक्यावर वाहतेय.

---

खडूफळा
शुक्रवार, रात्री ८:४०

बाळा, तो शेरा फ्रेम करून ठेव. नोकरीला लागलीस की आम्हाला सांग, मी पेढे आणते.

माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांची वेगळीच धांदल चालू आहे. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या नोकरीतल्यांनाही टीईटी लागली. पंचवीस वर्षं शिकवलेले गुरुजी मधल्या सुट्टीत गाईड घेऊन बसतात. परवा एकानं विचारलं, "बाई, समलंबाचं सूत्र काय हो?" म्हणलं, सूत्र नको, कागदाचे दोन सारखे समलंब कापा आणि एक उलटा करून दुसऱ्याला चिकटवा. समांतरभुज झाला की नाही? त्याचं निम्मं. गुरुजी म्हणाले, "पंचवीस वर्षं नुसतं फळ्यावर लिहीत होतो की मी."

---

तेरणाकाठ
शुक्रवार, रात्री ९:३०

घागरीवरून आठवलं. एप्रिल २०१६, लातूरची पाण्याची रेल्वे. मिरजेहून आली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. म्हणजे वाघिणीत पन्नास हजार. वरच्या पोरीची घागर १४ लिटरची, तर एका वाघिणीत साडेतीन हजारांवर घागरी. मास्तर, तुमची आत्ताची पोरं तेव्हा तिसरी-चौथीत असतील. विचारा त्यांना.

---

बांधावरचा_मास्तर
रविवार, सकाळी ११:१०

विचारलं. निम्म्या वर्गाला आठवतं. एकीला शाळा सुटल्यावर टँकरच्या रांगेत लावलेला नंबर आठवतो, एकाला टीव्हीवर दिसलेली गाडी. म्हणलं, पंचवीस लाख लिटर म्हणजे घनमीटर किती? हजार लिटरचा एक, म्हणजे २५००. आणि परवाचं आपलं मातीचं शेततळं? २१९६. वर्ग एकदम शांत झाला. एवढी लांबलचक गाडी, तिचं पाणी एका मोठ्या शेततळ्यात मावलं नसतं, पण थोडक्यात. पहिली पाच लाखांची गाडी म्हणजे ५०० घनमीटर. १५ बाय १५ बाय ३ चं लहान तळं त्यांनीच काढलं: २२५ + ८१ + १३५, झाले ४४१. तेही भरून वर थोडं उरलं असतं.

मग एकानं उलट प्रश्न टाकला, पावसाचं काय? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर, एवढं फळ्यावर लिहून दिलं. अतिवृष्टी धरतात ती ६५ मिलिमीटरला. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, एका दिवसात दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. म्हणजे दहा एकरांवर एक अतिवृष्टी झाली की २६ लाख लिटर, अख्खी रेल्वे. (सगळं पाणी वाहून तळ्यात येत नाही, बरंच मुरतं, हे त्यांनीच सांगितलं. शेतकऱ्यांची पोरं.) पुढच्या आठवड्यात कॉलेजचं छत मोजणार आहोत. शिडी कुणी धरायची यावरून वाद चालू आहे.

तुमच्या सगळ्यांच्या सल्ल्यानं असं ठरवलं: कर्कटकानं करायच्या लांबलचक रचना निम्म्या केल्या, सिद्धता दोनच ठेवल्या, पण नीट. उरलेला वेळ तुटकी पट्टी, टिंब, बांध, वीत, कोनमापक आणि शेततळं यांना. प्राचार्यांना अजून सांगितलेलं नाही.

---

टीईटी_पुन्हा_एकदा
रविवार, दुपारी १२:३०

सर, मी संध्याकाळी पाचवी-सहावीच्या शिकवण्या घेतो. पट्ट्यांचा प्रयोग करायचा म्हणून बारा पट्ट्या आणल्या, हॅक्सॉ ब्लेडनं कापायला गेलो तर चार तडकल्या. तुम्ही कशा कापल्या?

---

बांधावरचा_मास्तर
रविवार, दुपारी १२:४८

ब्लेड नको. जुनी सुरी गॅसवर तापवा आणि हलकेच दाबा. वास येतो, खिडकी उघडी ठेवा. आणि तडकलेल्या चार टाकू नका, त्यातली एखादी ७ पासून सुरू होत असेल तर तीच सगळ्यात कामाची.